चंदेरी नवीला, पिवळी जुनीला

एल्डर फोर्कमध्ये माणसं एकमेकांना काय वाटेल ते देतात. ट्रॅक्टर देतात, वळू देतात, बर्फात रुतलेली गाडी ओढायला आपली गाडी देतात आणि ओढता ओढता सल्लाही देतात. चर्चच्या सहलीत दुपारभर उन्हात राहिलेली बटाट्याची कोशिंबीर कोणाच्या घरची आहे हे न विचारता खातात. पण दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत कोणी घालत नाही. व्याही असो, जावई असो, एका ताटात जेवणारा भाऊ असो. कोणी म्हणालंच, "घे की, माझ्याकडची थोडी," तर समोरचा "अरे वा" म्हणून खिशात टाकतो आणि घरी जाऊन गुपचूप उकलून मोकळा होतो. देणाऱ्यालाही हे माहीत असतं. कोणाला वाईट वाटत नाही.

कारण उघड आहे. रायफल उडते तेव्हा आतला स्फोट आपल्या गालापासून वीतभर अंतरावर होत असतो. तो केवढा व्हावा हे ज्याने ठरवलं, त्याच्याकडे आपलं तोंड गहाण पडलेलं असतं. आणि भरताना त्याचा फोन वाजला होता का, कुत्रं भुंकलं होतं का, बायकोशी अबोला चालू होता का, हे काडतुसाकडे बघून कळत नाही. काडतूस बाहेरून नेहमी सज्जनच दिसतं.

या रिवाजाला अख्ख्या गावात एकच अपवाद होता. त्याचं नाव वेंडेल प्रेदर.

वेंडेल म्हणजे शाळेतला निवृत्त बँडमास्तर. गावातले साठीच्या आतले सगळे कधी ना कधी त्याच्यापुढे बेसूर वाजवून गेले होते, त्यामुळे सगळे त्याला मास्तरच म्हणत. त्याची थोरली बहीण मार्जीन डॉक लिंडक्विस्टला दिलेली. डॉक हा गावाचा दंतवैद्य, आता तोही निवृत्त. आणि काडतुसं भरण्यात जिल्ह्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. लग्नाच्या वर्षी डॉकने नव्या मेव्हण्याला एक डबा काडतुसं दिली. वेंडेलने रीतीप्रमाणे "अरे वा" म्हटलं, आणि मग वय लहान होतं, बँडमध्ये होता, अक्कल बेताची होती, त्याने ती खरोखरच उडवली. डॉकच्या कानावर हे गेलं तेव्हा तो काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात वेंडेलची अक्कलदाढ काढताना मात्र त्याने सुई टोचण्यापूर्वी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. डॉकच्या बाबतीत हे भाषण ठोकल्यासारखंच होतं. तेव्हापासून वेंडेल डॉकने भरलेलीच काडतुसं वापरत आला होता, आणि गावात लोक या गोष्टीकडे जुन्या, टिकलेल्या लग्नाकडे बघावं तसं बघत.

गंमत अशी की दोघांच्या रायफलींत एका शतकाहून जास्त अंतर होतं आणि काडतूस मात्र एकाच मापाचं लागे. वेंडेलची रायफल त्याच्या पणजोबांची, घोडदळाच्या जमान्यातली. वरची झडप पेटीच्या झाकणासारखी उघडायची, काडतूस सारायचं, झडप मिटायची. लोखंड त्या काळचं, भलं, पण थकलेलं. डॉकची रायफल नवी. तिचं पोलाद असं की तिच्यापुढे वेंडेलची रायफल म्हणजे पत्र्याची पिपाणी. आता कारखानदारांना कोणाच्या माळ्यावर कोणाचा पणजोबा टांगलेला असेल याचा भरवसा नसतो, म्हणून ते या मापाची बहुतेक काडतुसं अगदी मवाळ भरतात. डॉकला ते पटत नसे. "पैलवानाला पेज पाजताय होय!" असं तो दुकानातल्या खोक्याला उद्देशून म्हणे, आणि घरी येऊन स्वतः भरे. नव्या रायफलीला झेपेल इतकी कडक, जुनीला सोसेल इतकी मवाळ.

त्याला भरताना बघणं ही वेंडेलची आवडती करमणूक होती. तळघरातल्या टेबलापाशी डॉक बसला की घरात रेडिओ बंद. काडतुसाची रिकामी पुंगळी तो पेशंटसारखी घेई: तोंड वर, मान किंचित मागे. मग दातांच्या दवाखान्यातून आणलेला तो इवलासा गोल आरसा आत घालून भेगा बघे, अणकुचीदार सळईने बुडाजवळची भिंत चाचपून बघे. एखादीत खोट निघाली तर "ही गेली" असं खरोखरच्या हळहळीने म्हणे. बारूद तो वजनकाट्यावर असा सोडी की शेवटचे कण पडायचे की नाही याचा त्यांनी आपसात विचार केल्यासारखा वाटे. वेंडेलने आयुष्यभर पोरांना ताल शिकवला होता. तालात काम करणारा माणूस त्याला ओळखू येई. डॉकचा हात कधी घाईत नसे आणि कधी थांबतही नसे.

दोन प्रकारांत घोटाळा नको म्हणून डॉकने सोपी रीत ठेवली होती. चंदेरी मुलामा दिलेल्या पुंगळ्या नव्या रायफलीला, साध्या पिवळ्या पितळी जुनीला. गोळी दोन्हींना तीच, त्यानेच शिसं ओतून केलेली. चंदेरी नवीला, पिवळी जुनीला. नातवंडांना प्रार्थना येण्याआधी हे पाठ झालं होतं. डब्यांवर चिठ्ठ्याही असत. अर्थात चिठ्ठीवर डॉकला जे दिसलं तेच लिहिलेलं असे.

सप्टेंबरातल्या शनिवारी मैदानावर जुन्या बंदुकांची स्पर्धा होती. पार लांब टेकडीच्या पायथ्याशी लोखंडी बायसन उभा केलेला असतो. गोळी लागली की काही वेळाने 'टण्ण' असा आवाज माळावरून चालत आल्यासारखा येतो. डॉक मागच्या बाकावर बसून टण्ण ऐकत होता. हल्ली तो बघण्यापेक्षा ऐकतच जास्त असे, पण म्हाताऱ्या माणसाच्या अशा गोष्टी कोण मोजतो.

वेंडेलच्या सुरुवातीच्या गोळ्या बायसनला लागल्या. त्याने झडप उघडली, पुंगळी काढली, डब्यातून पुढचं काडतूस उचललं आणि झडपेत घालता घालता थांबला. ऊन काडतुसावर पडलं होतं. काडतूस चंदेरी होतं.

"मास्तर, उडवताय की भांग पाडताय त्यात बघून?" मागून बर्नाडीन स्टॉल्ट्झ ओरडली. बर्नाडीनचं चाऱ्याचं दुकान होतं आणि मैदानाचा कारभारही तीच बघे. शाळेत ती ट्रॉम्बोन वाजवायची. अजूनही तिचा आवाज त्याच पट्टीत असे.

पणजोबांच्या थकल्या लोखंडात हे काडतूस उडालं असतं तर झडप त्याच्या कपाळातून पार झाली असती. त्याने मागे वळून पाहिलं. बाकावर डॉक हनुवटी वर करून पुढच्या टण्णची वाट बघत होता, शांत, खात्रीचा. आणि वेंडेलला एकदम कळलं की या माणसाला दिसत नाहीये.

त्याने काडतूस खिशात टाकलं आणि रिकामी झडप मिटली.

"खांदा धरलाय," तो म्हणाला. "मी थांबतो."

"खांदा?" बर्नाडीन म्हणाली. "तुमचा? अहो, परेडमध्ये चौथी सलामी झाली तरी तुम्ही ढोल खाली ठेवत नव्हतात. आम्हीच चक्कर येऊन पडायचो."

क्लेम व्होटॉ हा डॉकच्याच वयाचा, स्वतःची काडतुसं स्वतः भरणारा, आणि दुसऱ्याच्या भरण्याविषयी मत असलेला गृहस्थ. तो खाकरला. "काय डॉक, मेव्हण्याला घरचा आहेर मानवला नाही वाटतं?"

"काडतुसं एक नंबर आहेत," वेंडेल जरा जास्तच जोरात म्हणाला. "खांदा माझा आहे. दुखतोय तर दुखतोय."

मधेच स्पर्धा सोडणारा माणूस एल्डर फोर्कमध्ये एकतर घाबरलेला असतो नाहीतर त्याच्या काडतुसांत खोट असते. तिसरी शक्यता कोणाला माहीत नाही. वेंडेलने घाबरलेला व्हायचं ठरवलं. कोणीतरी हळूच बदकासारखा आवाज काढला. तो त्याचा जुना क्लॅरिनेटवाला होता. क्लॅरिनेटही तो तसाच वाजवायचा.

परतताना गाडीत डॉकने विचारलं,

"कुठला खांदा?"

"उजवा."

"मघापासून उजव्याच हाताने गाडी वळवतोयस."

वेंडेलने डाव्या हाताने गाडी वळवायला सुरुवात केली. घर आलं तसा डॉक उतरला आणि थेट तळघरात गेला. नव्या रायफलीसाठी भरायला घेतलेलं काम अर्धवट होतं.

वेंडेल स्वयंपाकघरात गेला. मार्जीन जंगली चेरीचा मुरंबा ढवळत होती. त्याने खिशातलं चंदेरी काडतूस ओट्यावर ठेवलं.

"हे माझ्या डब्यात होतं."

मार्जीनने काडतुसाकडे पाहिलं. मग गॅस बंद केला. मुरंबा अर्धवट शिजलेला असताना तिने गॅस बंद केलेला वेंडेलने जन्मात पाहिला नव्हता.

"अगं, तुला माहीत होतं?"

"चादरींचं माहीत होतं," ती खाली बसत म्हणाली. "ईस्टरला पांढऱ्याशुभ्र नव्या चादरी घातल्या. म्हणतो, या जुन्या पिवळ्या का काढल्यास? मी म्हटलं, डोळे दाखवून ये. म्हणाला, दातांत मार्क कमी पडले की लोक डोळ्यांचे डॉक्टर होतात, त्यांना काय दाखवायचं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"चादर फुटून कोणी मरत नाही, वेंडी. मला काय माहीत खालीही हाच गोंधळ आहे? खाली तो मला झाडूसुद्धा फिरवू देत नाही." तिने काडतूस बोटाने थोडं लांब सरकवलं. "जा. सांग त्याला."

"मी? बायको तू आहेस."

"म्हणूनच. माझं ऐकायची त्याला सवय नाही. आणि त्याची काडतुसं माझ्या थोबाडापुढे फुटत नाहीत. तुझ्या फुटतात."

"अगं, पण हेच एक आहे त्याच्याकडे आता."

"माहितीये," ती म्हणाली. "माझाही भाऊ एकच आहे."

तळघराच्या उंच खिडकीतून उन्हाची तिरीप थेट टेबलावर पडत होती. डॉक लाकडी ठोकळ्यात पुंगळ्या ओळीने मांडून बसला होता. सगळ्या चंदेरी, मधेच एक पिवळी. परत चंदेरी, चंदेरी, पिवळी. एखाद्या पोराने दूधदात आणि कायमचे दात एकत्र लावावेत तशी. आणि त्या ओळीवरून डॉकचा हात फिरत होता, पूर्वीसारखाच, संथ, अचूक, एक कण इकडचा तिकडे न करता. वेंडेलला वाटलं, हात थरथरत असता तरी बरं झालं असतं. सांगायला सोपं गेलं असतं.

त्याने चंदेरी काडतूस टेबलावर ठेवलं.

"डॉक, ही कुठली?"

डॉकने बोटात घेऊन फिरवलं. "तुझ्या डब्यातली ना? पिवळी."

बँडमास्तराला विराम किती लांबवायचा हे कळतं, पण हा त्याने लांबवला नव्हता. त्याच्याच्याने संपवला जात नव्हता.

"वेंडेल?"

"चंदेरी आहे, डॉक."

डॉकने दिवा जवळ ओढला. मग काडतूस उन्हात धरलं. मग चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून पाहिलं. ज्या माणसाने जन्मभर लोकांच्या दाढांत चांदी भरली, त्यांच्या सोन्याच्या टोप्या बसवल्या आणि दोघांतला फरक दाराशी उभ्या पेशंटच्या हसण्यावरून ओळखला, तो आपल्या बोटांतल्या वस्तूचा रंग मेव्हण्याच्या तोंडावरून वाचायचा प्रयत्न करत होता. तिथेही त्याला हवं ते सापडलं नाही.

"खांद्याला काही झालेलं नाही तर."

"नाही."

"झडपेत घातलं होतंस?"

"घालणार होतो."

डॉकने मान हलवली. वेंडेलला वाटलं, आता हा उठेल, वर जाईल, कदाचित रागावेल, दिव्याला दोष देईल, पुंगळीच्या कंपनीला देईल. वेंडेलने त्याच्यासाठी दोन-तीन सबबी तयारही ठेवल्या होत्या. डॉकने विचारलं ते वेगळंच.

"तुझा डबा कुठाय?"

"गाडीत. पण त्यात बाकीची पिवळीच आहेत, मी बघितलीत. ही एकच—"

"अरे मेव्हण्या, विचार कर जरा." डॉकचा आवाज एकदम दवाखान्यातला झाला, पेशंटला न घाबरवता वाईट बातमी सांगायचा. "चंदेरी दिसली म्हणून तू थांबलास. मला जर रंगच कळत नसेल, तर मी कडक बारूद कशाकशात भरलं असेल? ह्यात," त्याने ठोकळ्याकडे बोट दाखवलं, "पिवळ्या आहेत ना?"

"आहेत."

"मग भरल्यावर मी रंग बघूनच डबा निवडतो; मला पिवळ्या वाटलेल्या कुठल्या डब्यात गेल्या असतील, ते सांग."

वेंडेलने सकाळी उडवलेल्या गोळ्या आठवल्या.

"डबा आण," डॉक म्हणाला.

काडतूस उकलायला प्लास्टिकची पोकळ हातोडी असते. तोंडात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर ठाण्णकन मारायचं. गोळी सुटते, बारूद हातोडीच्या पोटात सांडतं. डॉकने वेंडेलच्या डब्यातलं पुढचं, म्हणजे स्पर्धेत चंदेरीनंतर ज्याची पाळी होती ते, पिवळंधमक काडतूस अडकवलं आणि हाणलं. बारूद काट्यावर ओतलं. काटा झुकला, झुकत गेला, आणि जिथे थांबायला हवा होता त्याच्या पलीकडे जाऊन निवांत थांबला.

दोघं काट्याकडे बघत राहिले. वर मार्जीनने गॅस पेटवल्याचा आवाज आला.

"कडक," डॉक म्हणाला.

चंदेरी पाहून वेंडेल घाबरला नसता, नुसतं "अरे, हे चुकून आलंय" म्हणून बाजूला ठेवून पुढचं उचललं असतं, तर ते हे होतं. त्याला बदकाचा आवाज काढणाऱ्या त्या क्लॅरिनेटवाल्याबद्दल एकदम प्रेम वाटायला लागलं.

"कोणाला सांगायची गरज नाही, डॉक," तो घाईघाईने म्हणाला. "मी सांगीन खांदा गेला, आता बंदूकच बंद. तुम्ही फक्त नवीसाठी भरत जा, सगळ्याच चंदेरी ठेवा, पिवळ्या फेकून देऊ. कोणाला कळायचं कारण नाही."

डॉकने त्याच्याकडे पाहिलं, दात न घासता खुर्चीत येऊन बसलेल्या पेशंटकडे बघावं तसं.

"हातोडी धर," तो म्हणाला. "माझी मनगटं दुखतील. मी काढतो, तू मार."

त्यांनी घरातलं एकूण एक काडतूस उकललं. वेंडेलची, डॉकची, हिवाळ्यातल्या शिकारीसाठी ठेवलेली, नातवाच्या वाढदिवसासाठी ठेवलेली. डॉक प्रत्येकाला आधी विचारी, "ही?" आणि वेंडेल सांगे, "पिवळी." "ही?" "चंदेरी." डॉक एकदाही म्हणाला नाही की बघू. मार्जीन मुरंबा लावलेला ब्रेड घेऊन खाली आली, पायरीवर बसली, आणि तिला कोणी वर जा म्हटलं नाही.

रविवारी सकाळी मैदानाच्या शेडमध्ये सगळ्यांचा नाश्ता असतो. बर्नाडीन तव्यावर पॅनकेक टाकत होती, हरणाचं सॉसेज तळलं जात होतं. वेंडेल आत शिरला तसे दोघातिघांनी खांदे चोळले. डॉक मात्र बसला नाही. त्याने जेवायच्या काट्याने ग्लास वाजवला. हे तो फक्त लग्नात करी, म्हणून सगळे हसऱ्या तोंडाने वळले.

"मला मोतीबिंदू आहे," डॉक म्हणाला. "चंदेरी आणि पिवळी मला सारखीच दिसतात. काल मास्तरच्या डब्यात मी भरलेली कडक काडतुसं होती. एक चंदेरी होतं, ते त्याने पाहिलं. एक पिवळ्यात होतं, ते त्याला दिसलं नसतं. त्याचा खांदा ठणठणीत आहे. तो खोटं बोलला, कारण खरं बोलला असता तर तुम्ही सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. आता बघा. मी भरलेलं सगळं उकललंय, टेबल बंद केलंय. मेव्हण्याचं तोंड थोडक्यात वाचलं. तसं त्या तोंडाचं फार नुकसान झालं असतं असं नाही, पण बहिणीला सवय आहे त्याची."

आणि तो बसला.

वेंडेलने आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकली होती. शेवटच्या सुरानंतरची, सूर चुकल्यानंतरचीही. ही त्यातली कुठली हे त्याला कळेना. तव्यावरचा पॅनकेक करपायला लागला तरी बर्नाडीन त्याच्याकडे बघत नव्हती. या लोकांपैकी कोणीही आपली गाय, आपला मुलगा किंवा आपलं मतदान चुकलं हे एकवेळ कबूल केलं असतं. आपला हात चुकला हे या शेडमध्ये आजवर कोणी उभं राहून म्हटलं नव्हतं.

शेवटी क्लेम व्होटॉ बोलला. "डॉक, चंदेरी म्हणजे तुम्हाला कशी दिसते?"

"पिवळी."

"आणि पिवळी?"

"पिवळी."

क्लेमने थोडा विचार केला. मग खिशात हात घालून एक काडतूस काढलं, टेबलाखाली शेजाऱ्याच्या हाताशी नेलं आणि हळूच विचारलं, "ही कुठली रे?"

शेजारी सत्तरीचा होता. त्याने काडतूस घेतलं, बघितलं आणि पुढच्याकडे दिलं.

पुढे काय झालं याचे लोक वेगवेगळे तपशील सांगतात. एवढं नक्की की त्या आठवड्यात बिलिंग्ज शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईने फोनवर विचारलं, "तुमच्या गावात काही साथ आली आहे का?" आणि गावातल्या बऱ्याच तळघरांतून ठाण्ण ठाण्ण असे आवाज येत राहिले.

डॉकचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर झालं. दुसऱ्याला अवकाश होता. त्या दिवसांत वेंडेल भेटायला गेला तर डॉक खिडकीशी बसून हातात एक रिकामी पुंगळी धरून एकदा हा डोळा मिटत होता, एकदा तो.

"चंदेरी," तो म्हणाला. डोळा बदलला. "पिवळी." पुन्हा बदलला. "चंदेरी. वेंडेल, हा डोळा इतकी वर्षं खोटं सांगत होता आणि मी त्याची कधी खातरजमाच करून घेतली नाही. दुसऱ्याला विचारलं असतं तर तोही तेच सांगणार होता. साक्षीदार दोन, आणि दोघंही फितूर."

"बाहेर बर्फ कसा दिसतोय?"

"निळा," डॉक म्हणाला, आणि बराच वेळ बघत राहिला. "तुझ्या बहिणीचे पडदे मात्र भयंकर आहेत. हे कोणी मला सांगितलं नाही."

बर्फ वितळल्यावर डॉकने टेबल उघडलं. कोणाला न सांगता उघडलं, पण एल्डर फोर्कमध्ये त्यासाठी कोणाला सांगावं लागत नाही. वेंडेल तिकडे फिरकला नाही. त्याने दुकानातून कारखान्याच्या मवाळ काडतुसांचा एक खोका आणून गाडीत ठेवला होता आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती. डॉकवर त्याचा विश्वास होता. त्याच्या गालाचा नव्हता. डोळ्यांसमोर तो काटा झुकत जाई, आणि गाल आपोआप मागे सरके.

वसंतातल्या स्पर्धेला डॉक त्याच्याआधी मैदानावर हजर होता. हातात डबा. आतली सगळी काडतुसं पिवळी, उन्हात पिवळीजर्द; प्रत्येकाच्या बुडाला आता त्याने लाल रंगाचा ठिपकाही दिला होता. मागच्या बाकावर क्लेम आणि बाकीचे होते, त्यांच्यापैकी बरेच आता काळे चष्मे घालून.

"तुझ्याकडे खोका आहे गाडीत," डॉक म्हणाला. "बर्नाडीनने सांगितलं. चांगलं केलंस. तोच वापर."

"डॉक, मी तसं काही—"

"मी तुला ही वापर म्हणायला आलेलो नाही. रायफल दे."

"का?"

"आधी मी."

डॉकने पणजोबांची रायफल घेतली. एवढ्या वर्षांत ती त्याने कधी खांद्याला लावली नव्हती. त्याच्या लेखी ती मेव्हण्याच्या घराण्याची, आपण फक्त तिचे वैद्य. त्याने झडप उघडली, आपण भरलेलं काडतूस आत सारलं, झडप मिटली. मग चष्मा काढून खिशात ठेवला, ज्या डोळ्यांसाठी बिलिंग्जला दोनदा जाऊन आला होता ते दोन्ही उघडे ठेवले, आणि गाल लाकडावर असा टेकवला की मधून कागदसुद्धा गेला नसता. वेंडेलला तो गाल दिसत होता. सुरकुतलेला, नीट दाढी केलेला, आणि जराही न आक्रसलेला.

आवाज झाला. धूर विरला. माळावरून चालत चालत टण्ण आलं.

डॉकने झडप उघडली, पुंगळी काढून आत डोकावून पाहिलं आणि दुसरं काडतूस डब्यातून घेतलं. तेही उडवलं. मग तिसरं. दोन्ही वेळा टण्ण आलं. बर्नाडीनच्या हातातली शिट्टी तशीच राहिली. हा गृहस्थ डबा संपेपर्यंत थांबणार नाही, प्रत्येक काडतुसापुढे आपलंच तोंड धरणार आहे, हे वेंडेलच्या लक्षात आलं. आणि मग त्याला देण्यासारखं काही उरणारही नव्हतं.

"अहो, पुरे," वेंडेल म्हणाला. "माझी आहेत ती."

"खोका आहे ना तुझ्याकडे?"

"द्या इकडे ती रायफल."

डॉकने दिली. वेंडेलने डब्यातून काडतूस उचललं. या वेळी त्याला खांद्याचं निमित्त सांगावंसं वाटलं नाही. काडतूस सारलं, झडप मिटली, गाल लाकडावर टेकवला. लाकूड डॉकच्या गालाने कोमट झालं होतं. त्याने श्वास सोडला आणि घोडा ओढला.

वाट बघितली. टण्ण आलं नाही. टेकडीच्या पायथ्याशी, बायसनच्या पोटाखाली, मातीचा एक छोटा लोट उठला.

"खाली गेली," बर्नाडीनने जाहीर केलं.

"बारूद कमी पडलं असेल," वेंडेल झडप उघडत म्हणाला. "भरणाऱ्याला सांगायला हवं."

"भरणाऱ्याने तीन लावल्या आत्ता त्याच रायफलीने," डॉक म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. "मास्तर, तुमचे डोळे तपासून घ्या."